घडीच्या चाकूची दोरी: कुठं बांधायची, किती लांब ठेवायची आणि कुठं मुद्दाम कच्ची सोडायची

मोसंबीच्या बागेत, ठिबकची नळी कापताना, खताच्या पोत्याची शिवण उसवताना घडीचा चाकू लागतोच, आणि तो हरवतोही. विहिरीत जातो, उसात पडतो, ट्रॉलीच्या फळीवर राहतो. म्हणून आता बरेच जण त्याला दोरी बांधायलेत. बांधा, चांगलंच आहे. पण कशी बांधायलेत ते बघितलं की धास्ती वाटते, कुणी आयकार्डच्या फितीत अडकवून गळ्यात घातलाय, कुणी करदोड्याला निरगाठ मारलीय, कुणाच्या खिशातून हातभर दोरी लोंबतीय आणि तो गडी तसाच मळणीयंत्रात सोयाबीन लोटायला उभा.

चूक बहुतेक एकच असते, क्रम उलटा. आधी दोरी आणतात, लगेच गाठ मारतात, आणि मग विचार करतात की ही अडकवायची कुठं. खरा क्रम असा: काम कोणतं ते आधी, मग दोरी जोरात ओढली गेली तर ती कुठं तुटायला पाहिजे ते, मग लांबी, आणि गाठ त्याच्यानंतर. खाली त्याच क्रमानं सांगतो, मधले टप्पे गाळू नका.

१. आधी काम ठरवा

शेतातली कामं दोरीच्या हिशोबानं तीनच प्रकारची असतात.

पहिलं, रोजचं. खिशातून काढला, पोतं उसवलं, सुतळी कापली, परत खिशात. इथं लांब दोरी लागतच नाही. चाकूला चार बोटांचं दोरीचं शेपूट पुरतं, त्याला धरून चाकू ओढून काढता येतो आणि गवतात पडला तर रंगीत दोरी दिसते. दहातल्या आठ लोकांचं काम एवढ्यावर भागतं.

दुसरं, उंचावर किंवा पाण्यावर. विहिरीच्या कठड्यावर वाकून मोटारीचा दोर कापायचाय, शेततळ्याच्या कडेला कागद कापायचाय, कॅनॉलवर पाइप जोडायचाय, झाडावर चढून फांदी साळायचीय. इथं चाकू सुटला की गेला, आणि खाली माणूस असेल तर त्याच्या डोक्यात गेला. इथं कमरेपासून चाकूपर्यंत दोरी पाहिजे, पण तेवढ्या कामापुरती. काम झालं की काढून ठेवायची.

तिसरं, फिरत्या यंत्रापाशी. मळणीयंत्र, कडबाकुट्टी, ट्रॅक्टरचा पीटीओ (यंत्र फिरवायला मागं असतो तो फिरता दांडा), पट्ट्यावरची कुठलीही मशीन. इथं दोरी नाही. शेपूटसुद्धा खिशाच्या आत पाहिजे.

इशारा: पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्ट दोन इंच जाड धरला तरी एका सेकंदात जवळजवळ दीड मीटर दोरी त्याच्यावर गुंडाळली जाते. हात मागं घ्यायला वेळ मिळत नाही. गळ्यातली दोरी, मफलर, उपरणं, चाकूची दोरी, सगळं त्याला सारखंच.

२. चाकू दोरीच्या लायक आहे का ते बघा

मुठीच्या मागच्या टोकाला भोक आहे का? असेल तर त्याची आतली कड बोट फिरवून बघा. स्वस्तातल्या चाकूत भोक पाडून तसंच सोडलेलं असतं, कड धारदार राहते आणि तीच दोरी हळूहळू कापत जाते. बारीक पॉलिश पेपर गुंडाळी करून भोकात फिरवला की कड मोडते, पाच मिनिटांचं काम.

भोक नसेल तर घरी ड्रिल मारायचा नाद सोडा. मुठीच्या आत पोलादी पट्ट्या असतात, ड्रिल घसरतो, प्लॅस्टिकची मूठ तडकते, आणि बंद पात्याचं टोक नेमकं तिथंच असेल तर चाकूच बाद. भोकाचा दुसरा चाकू घ्या, त्यात काही कमीपणा नाही. काही जण खिशाला अडकवायच्या क्लिपलाच दोरी बांधतात, तेही नको. ती क्लिप दोन-तीन बारीक स्क्रूवर असते, झटका आला की उपटून येते.

काही चाकूंना भोकाऐवजी बारीक रिंग येते, लाल मुठीच्या स्विस चाकूंना असते तशी. शेपटाला ती ठीक आहे. कमरेच्या दोरीला मात्र त्या रिंगवर भरवसा ठेवू नका, ओढ बसली की रिंगचा वेढा उकलतो.

आता पात्याचं लॉक बघा. चाकू उघडा, धार वर राहील असा मुठीला धरा आणि पात्याची पाठ लाकडावर हलकीशी टेकवून दाबा, बोटं पात्याच्या वाटेत ठेवू नका. पातं मिटायला लागलं तर त्या चाकूला दोरी बांधून लटकवण्यात अर्थ नाही, झोका खाताना तो अर्धा मिटतो, अर्धा उघडतो. बंद असतानाही पातं घट्ट बसलं पाहिजे. बंद चाकू उलटा धरून झटका द्या, पातं थोडंही बाहेर आलं तर बिजागरीचा स्क्रू आवळा, आणि तरी येत असेल तर तो चाकू खिशासाठी नाहीच.

तपासणी: भोकात तात्पुरता दोरा ओवा आणि चाकू हळू मिटवा. पात्याचं टोक किंवा धार दोऱ्याला शिवते का? काही चाकूंत भोक आणि पात्याचं टोक एकदम जवळ असतं, असा चाकू रोज मिटताना स्वतःचीच दोरी कुरतडतो. तिथं दोरी बारीक घ्या आणि गाठ मुठीच्या बाहेरच राहील असं बघा.

३. सामान गोळा करा, सगळं एकदमच

दोरी: पॅराकॉर्ड म्हणून जी नायलॉनची विणलेली दोरी मिळते ती साधारण ४ मिलिमीटरची असते. पाचशे पन्नास नंबरची म्हणून विकतात, म्हणजे ५५० पौंड, सुमारे २५० किलोचा ताण. हा आकडा ऐकून लोक खूश होतात. चाकू शंभर ग्रॅमचा, त्याला २५० किलोची दोरी लागत नाही, आणि हाच आकडा पुढं धोक्याचा होतो, ते चौथ्या टप्प्यात येतंच. छोट्या भोकाला २ मिलिमीटरची दोरी बरी. जाडच असेल तर पॅराकॉर्डच्या आतले धागे ओढून काढा, वरची पोकळ नळी चपटी होऊन भोकातून जाते आणि चाकूपुरती ताकद तिच्यात भरपूर राहते.

सुतळी नको, भिजली की कुजते. साधी सुती नाडी घामानं कडक होते आणि आतून कधी गेली ते कळत नाही. बुटाची नायलॉनची लेस गोल आणि नवी असेल तर शेपटाला चालते. साखळी लोखंडी असो की स्टीलची, नको म्हणजे नको, स्टार्टरच्या पेटीपाशी तुम्ही वाकलात आणि साखळी आत लोंबली तर तीन फेजचा करंट थेट कमरेला.

रंग: भगवा, पिवळा, गर्द गुलाबी. काळी आणि मिलिटरी हिरवी दिसायला भारी असते पण सोयाबीनच्या रानात चाकू पडला तर संध्याकाळपर्यंत शोधत बसा.

बाकी: कमरेच्या दोरीसाठी एक स्प्रिंगचा हुक, जमलं तर भोवरकडीवाला. बैलाच्या दाव्याला भोवरकडी कशासाठी असते ते सगळ्यांना माहीत आहे, इथंही तेच काम, पीळ बसत नाही. शिवणाचा साधा सुती दोरा, लाइटर, कात्री, मोजायला टेप, आणि भोकातून दोरी ओढायला दुमडलेली बारीक तांब्याची तार.

मणी, कवटी, पितळेचे नक्षीदार दाणे हौसेचे आहेत. घातलेच तर एकच घाला आणि गुळगुळीत घाला. दोरीची जाड वीण घालून शेपूट करायची फॅशन आहे, त्यात एक इंच विणीला साधारण फूटभर दोरी जाते आणि खिशात लाकडाचा ठोकळा ठेवल्यागत होतंय. मला पटत नाही, पण मनाई नाही.

४. कच्चा जोड: हाच टप्पा सगळे गाळतात

कमरेला बांधलेली २५० किलोची दोरी कुठं अडकली तर काय तुटेल? दोरी नाही तुटणार. बेल्ट नाही तुटणार. मग जे काय व्हायचं ते माणसाला होणार. बैलाच्या शिंगात अडको, चालत्या मोटारसायकलच्या चाकात जावो, दोरी तुम्हाला घेऊन जाईल. म्हणून कमरेच्या दोरीत एक जागा मुद्दाम कच्ची ठेवायची, आणि ती अंगाच्या बाजूला, चाकूच्या बाजूला नाही. ती तुटली की दोरी आणि चाकू दोन्ही तुमच्यापासून सुटले पाहिजेत. चाकूजवळ कच्चा जोड ठेवला तर चाकू सुटतो आणि उरलेली दोरी कमरेला तशीच अडकलेली, म्हणजे उपयोग शून्य.

करायचा असा. बेल्टसाठी दोरीचा एक छोटा बंद फास वेगळा करा. लांब दोरीच्या टोकालाही छोटा फास करा. हे दोन फास एकमेकांत ओवायचे नाहीत, शेजारी ठेवायचे आणि शिवणाच्या दोऱ्याचे वेढे दोन्हींमधून घेऊन दोऱ्याला गाठ मारायची. सुरुवात चार वेढ्यांनी करा.

आता वजन बघा. बेल्टचा फास लिंबाच्या फांदीला किंवा आढ्याला अडकवा, दुसऱ्या टोकाला रिकामी बादली, बादलीखाली पोतं अंथरा. लिटरच्या बाटलीनं मोजून पाणी ओतत जा, एक लिटर म्हणजे एक किलो, बादलीचं स्वतःचं वजन त्यात मिळवा. पाच किलोला जोड टिकला पाहिजे आणि बादली काठोकाठ भरायच्या आत तुटला पाहिजे, नेहमीची अंघोळीची पंधरा लिटरची बादली धरून सांगतोय. लवकर तुटला तर एक वेढा वाढवा, तुटतच नसेल तर कमी करा. दोऱ्या-दोऱ्यात फरक असतो म्हणून माझा आकडा तसाच उचलू नका, तुमच्या दोऱ्याचा तुम्ही काढा. आणि चाचणीत ताणलेला दोरा काढून टाका, तेवढ्याच वेढ्यांचा नवा घाला.

इशारा: हुक मोठा आणि पक्का आणला म्हणून कच्चा जोड नको असं होत नाही. हुक हातानं उघडावा लागतो, आणि अडकलेल्या वेळी हात मोकळा नसतो.

गळ्यातल्या दोरीबद्दल एकच सांगतो, शेतात नको. झटक्यात सुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडाच्या फिती मिळतात, त्या आयकार्डाला ठीक आहेत, पण चाकू छातीवर लोंबणार, वाकलं की पुढं झुलणार आणि गुडघ्यावर पडलात की तोच पोटाखाली. करदोड्याचंही तेच. चावी बांधायची सवय जुनी आहे, पण तो दोरा कातडीला लागून असतो आणि ओढ बसली की कमर कापतो.

५. लांबी: मोजून, अंदाजानं नाही

शेपूट: तयार झाल्यावर ६ ते ७ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं रुंद. त्यासाठी ४५ सेंटिमीटर दोरी कापा, गाठी दोरी खातात, उरलेली नंतर छाटता येते. आखूड कापली तर मात्र नवीनच घ्यावी लागते.

कमरेची दोरी: बेल्ट घालून उभे राहा, ज्या हातानं काम करता तो हात ज्या दिशेला कापायचंय तिकडं पूर्ण लांब करा, आणि बेल्टपासून मुठीपर्यंत दुसऱ्या माणसाला टेपनं मोजायला सांगा. त्यात चार बोटं मिळवा. दोन्ही टोकांच्या गाठींसाठी ४० सेंटिमीटर जास्त धरून कापा.

मग ताठ उभं राहून बंद चाकू खाली सोडा. चाकू जमिनीला टेकत असेल तर दोरी लांब झाली, चालताना तिच्यावर स्वतःचाच पाय पडतो. घोट्याच्या वर थांबला तर ठीक.

फोनच्या रिसीव्हरला असते तशी स्प्रिंगची दोरी मोबाइलच्या दुकानात मिळते, आखूड राहते म्हणून लोकांना आवडते. किल्ल्यांना झकास आहे. चाकूला नको. उघडा चाकू हातातून सुटला तर साधी दोरी त्याला खाली जाऊ देते, स्प्रिंग त्याला तुमच्याकडंच ओढून आणते.

मनगटाचा फास मी सांगणार नाही असं ठरवलं होतं, पण विचारणारे लई असतात. करायचाच तर मनगटाभोवती वेढे घेऊन नाही. फास अंगठ्यात अडकवा, दोरी पंजाच्या पाठीवरून आणा आणि मूठ तळहातात धरा. मूठ सोडून हात सैल केला की सगळं निसटलं पाहिजे. झटकूनही निसटत नसेल तर फास आखूड आहे.

६. गाठी: दोनच शिका, पण नीट

शेपटाची गाठ. तारेच्या दुमडीत दोरीचं टोक धरून भोकातून ओढा. दोन्ही टोकं सारखी करा. भोकापासून अर्धा सेंटिमीटर सोडून दोन्ही पदर मिळून एक साधी गाठ मारा, एकदम आवळू नका, आधी पदर एकमेकांवर चढले नाहीत ना ते बघा, मग थोडं पाणी लावून आवळा. भोकाला एकदम चिकटवून गाठ मारली तर दोरी हलत नाही आणि एकाच जागी झिजते. आता २ सेंटिमीटर जागा सोडून तशीच दुसरी गाठ. या दोन गाठींच्या मधे जी फट राहते तीच हुक अडकवायची जागा. टोकाला मोठा उघडा फास ठेवायचा नाही, तोच खिशाबाहेर येऊन गाडीच्या हँडलला, शिवळेला, दाराच्या कडीला अडकतो.

टोकं दुसऱ्या गाठीच्या पुढं २ सेंटिमीटर ठेवून छाटा.

कमरेच्या दोरीची गाठ. टोक २० सेंटिमीटरवर दुमडून दुपदरी करा. ती दुमड दोरीच्या मागून पूर्ण फिरवून आणा आणि जो फेरा तयार झाला त्याच्यात समोरून घाला, आकार इंग्रजी आठासारखा दिसतो. पदर समांतर करून आवळा. टोकाला एक पक्का फास तयार होतो. हुकाच्या कडीतून तो फास ओवा आणि सगळा हुक त्याच फासातून काढून ओढा, झालं, हुक बसला. दुसऱ्या टोकाला असाच फास करा, त्याच्यावर चौथ्या टप्प्यातला शिवणदोरा येतो.

बेल्टचा फास छोट्या दोरीची दोन टोकं समोरासमोर जोडून करायचा. इथं लोक दोन निरगाठी मारतात आणि नायलॉन गुळगुळीत असल्यानं त्या आठवड्यात सुटतात. त्याऐवजी एका टोकानं दुसऱ्या पदराभोवती दोन वेढे घेऊन त्याच वेढ्यांच्या आतून टोक बाहेर काढा, दुसऱ्या टोकानंही तसंच, मग दोन्ही मुख्य पदर विरुद्ध बाजूला ओढा. दोन्ही गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात. जेवढं ओढाल तेवढ्या घट्ट.

टोकं जाळणं सगळ्यात शेवटी. आधी जाळली तर टोक फुगतं आणि मणी जात नाही, तारेतूनही ओढवत नाही. लाइटरची ज्योत टोकाच्या बाजूला धरा, दोरी वितळून आखडली की काढा, एक-दोन सेकंद बस झाले.

इशारा: वितळलेलं नायलॉन बोटानं दाबायचं नाही, ते कातडीला चिकटून भाजत राहतं. चमच्याच्या ओल्या पाठीनं दाबा. आणि हे काम कपाशीच्या किंवा कडब्याच्या गंजीपाशी बसून करू नका.

७. कपड्यात कुठं ठेवायचा

पँटचा उजवा पुढचा खिसा, चाकू उभा, भोकाचं टोक वर, शेपूट खिशाच्या आतच पण बोटाला लागेल असं. त्याच खिशात नाणी, किल्ल्या नकोत. मोबाइल तर अजिबात नको, तो काढताना शेपूट बोटात येऊन चाकू बाहेर येतो.

पायजम्याचा बाजूचा खिसा आडवा आणि ढिला असतो, उकिडवं बसलं की चाकू मागं सरकून पडतो. तिथं खिशाच्या वरच्या कडेला आतून एक बटण किंवा वेलक्रोची पट्टी टेलरकडून लावून घ्या. बंडीचा आतला खिसा पायजम्यापेक्षा कधीही चांगला. शर्टाचा वरचा खिसा सोडून द्या, विहिरीत गेलेले चाकू तिथूनच गेलेले असतात.

साडीवर काम करणाऱ्या बायका चाकू नुसता कमरेला खोचतात. बंद असला तरी ते बरोबर नाही, वाकताना तो पोटाशी येतो. कमरेला बांधायची छोटी कापडी पिशवी शिवून घ्या, तोंडाला नाडी, आणि चाकूचं शेपूट त्या नाडीच्या गाठीबाहेर दोन बोटं. चावीच्या छल्ल्याला शेपूट अडकवलं तरी चालतं, छल्ला ओढ बसली की आपोआप निसटतो, फक्त विहिरीवर त्याच्या भरवशावर राहू नका.

बेल्टला कमरेची दोरी लावायची ती काम करणाऱ्या हाताच्या बाजूला, बरगडीखाली सरळ. समोर लावली तर वाकताना पात्यापुढं येते. बेल्ट म्हणजे खरा बेल्ट. पँटची बेल्ट अडकवायची कापडी पट्टी कच्च्या शिवणीची असते, तिचा कच्चा जोड म्हणून हिशोब धरता येत नाही.

८. घरी तपासून मगच रानात

एक. चाकू बंद करून खिशात ठेवा आणि उकिडवं बसा, उठा, वाका, मोटारसायकलवर टांग टाकून बसा. बाहेर डोकावला तरी नापास.

दोन. कमरेची दोरी लावून, खाली पोतं अंथरून, बंद चाकू छातीच्या उंचीवरून सोडा, असं तीन-चारदा. शिवणदोरा तुटला तर एक वेढा वाढवा आणि बादलीची चाचणी परत घ्या, वेढे वाढवून तसंच सोडू नका. भरल्या बादलीच्या आत तुटला पाहिजे हे कायम.

तीन. हात ओले करून, जमलं तर तेलकट करून, नुसत्या शेपटाला धरून चाकू काढा. सटकत असेल तर दुसरी गाठ जाड करा.

चार. चाकू उघडून हळूहळू मिटवा आणि दोरी कुठं जाते ते बघा. दुसऱ्या टप्प्यात केलं होतं, आता खऱ्या दोरीनं परत.

९. वापरताना हाताचा क्रम

काढताना: शेपूट ओढा, मूठ पूर्ण हातात घ्या, दोरी मनगटाच्या बाजूला टाका, मग पातं उघडा. शेपटाला धरून झटक्यानं चाकू उघडायची स्टाइल मारू नका, पातं कुठं थांबेल ते कुणाच्याच हातात नसतं.

कापताना: कमरेची दोरी लावली असेल तर ढिली दोरी कापायच्या रेषेच्या उलट बाजूला ठेवा. ठिबकची १६ मिलिमीटरची नळी कापताना आपली दोरी नळीच्या बरोबरच पकडली जाते आणि तीही कापली जाते, हे सारखं होतं, कारण दोन्ही डाव्या हातात येतात. डाव्या मुठीत फक्त नळी.

चढताना-उतरताना: शिडीवर, झाडावर, विहिरीच्या पायऱ्यांवर चाकू बंद आणि खिशात, हुक काढलेला, दोरी गुंडाळून दुसऱ्या खिशात. जागेवर पोचलात, एक हात पक्का धरलात, मग हुक लावा, मग चाकू उघडा. उतरताना उलट, आधी बंद, मग हुक सोडा. लोंबती दोरी शिडीच्या पायरीत अडकली तर चाकू वाचेल आणि माणूस पडेल.

सुटला तर: पकडायला जाऊ नका. हात आपोआप पुढं जातो, तो मागं घ्यायची सवय करावी लागते. उघडा चाकू दोरीवर पोटरीजवळ झुलतो, म्हणून पाय हलवायचे नाहीत. झोका थांबू द्या, मग दोरी वरून गोळा करत मूठ हातात घ्या.

मिटवताना: आधी दोरी बाजूला, मग पातं, मग खिसा.

१०. कुठं न्यायचाच नाही

दोरी बांधलेला चाकू खिशातून दिसतो, म्हणून हे आधीच माहीत असू द्या. शस्त्र नियमांत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचे चाकू वेगळ्या वर्गात धरलेत, शेतीच्या आणि घरकामाच्या हत्यारांना त्यात सूट आहे. खिशातला चाकू त्या मापात येत नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघाला की चाकू, काठी काहीही बाळगायला बंदी घालता येते, तिथं माप चालत नाही. सणावाराला, मोर्चाच्या वेळी असे आदेश निघत असतात, पेपरात बातमी येते. बाजाराच्या गावी, कोर्टात, कलेक्टर ऑफिसला, तुळजापूरला नवरात्रात किंवा परळीला महाशिवरात्रीला जाताना चाकू घरी ठेवा. चिकलठाण्याहून किंवा नांदेडहून विमानानं जाणार असाल तर हातातल्या बॅगेत चाकू चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाका. आणि खटका दाबला की पातं बाहेर येणारा चाकू शेतकऱ्याला लागतच नाही, तो घेऊच नका.

११. देखभाल

घामाचं मीठ दोरीत साचतं आणि भोकापाशी गंज धरतो. महिन्यातून एकदा हुक काढून दोरी साध्या साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. ऊन नायलॉनला खातं, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिक्कीवर टाकून ठेवलेली दोरी वरून ठीक दिसते आणि वाकवली की चुरचुरते. अर्धापूरकडं केळीत काम करणाऱ्यांना वेगळाच त्रास, केळीचा चीक दोरीत मुरतो आणि ती काडीसारखी कडक होते, बिजागरीतही जातो. चीक ओला असतानाच पुसा, वाळल्यावर निघत नाही. मोसंबीचा रस लागलेलं पातं पुसल्याशिवाय मिटवू नका, साध्या पोलादाला दुसऱ्या दिवशी डाग येतो.

शिवणदोऱ्याचा कच्चा जोड दर महिन्याला नवा, तुटो की न तुटो. मुख्य दोरी वर्षाला. लक्षात राहत नसेल तर पोळ्याला बैलाची दावी, कासरे, वेसण नवी होतात, त्याच वेळी चाकूची दोरीही बदला. भोकापाशी धागे फुललेत, दोरी एका जागी बारीक झालीय किंवा एकदाही पात्यानं चिरलीय, तर पोळ्याची वाट बघायची नाही. चिरलेली दोरी मधे गाठ मारून परत चालवायची नाही, त्या गाठीमुळं लांबी बदलते, हुक अडतो आणि कच्चा जोड कुठला तेच कळत नाही. नवी मोजून कापा आणि जुनी दोडक्याच्या वेलाला लावून टाका.